ब्लॅक बुक कपाटात, प्रश्न शहरात

मार्च-एप्रिल आला की नवी मुंबईतल्या झेरॉक्सच्या दुकानांत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची गर्दी होते. काळी बांधणी आणि वर सोनेरी अक्षरे असलेला प्रकल्प अहवाल, त्यांच्या भाषेत ‘ब्लॅक बुक’, सबमिशनच्या आत तयार हवा असतो. गाईडची सही होते, व्हायवा आटोपतो आणि वही विभागाच्या कपाटात जाते. पुढची बॅच पुन्हा शून्यापासून सुरुवात करते. पुष्कळदा विषयही तेच: हजेरीचे ॲप, पार्किंगची यंत्रणा, चॅटबॉट. काही जण तर तयार प्रकल्प विकत घेतात. मुलांना दोष देऊन भागणार नाही. संशोधन करावे असा प्रश्नच त्यांच्यापुढे कोणी ठेवलेला नसतो.

ऐरोलीपासून पनवेलपर्यंत इंजिनीअरिंग कॉलेजांची रांग आहे. नेरूळचे रामराव आदिक १९८३चे. पुढे ऐरोलीत दत्ता मेघे, वाशीत फादर रॉड्रिग्ज, कोपरखैरण्यात लोकमान्य टिळक उभे राहिले. आणि दाराशी प्रश्नांची वाण नाही. धारण तलावांचेच घ्या. सिडकोने खाडीकाठची दलदल भरून हे शहर वसवले. त्याचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणून वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर या भागांत नाल्यांच्या तोंडाशी तलाव राखले. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत उतरते. आज या तलावांत गाळ साचला आहे आणि त्यात खारफुटी वाढली आहे. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, ते हवेच. त्यामुळे गाळ काढण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत पडतो.

इथे विद्यार्थ्यांना केवढे काम आहे! सिव्हिलच्या मुलांनी दर पावसाळ्याआधी आणि नंतर तळाची पातळी मोजावी. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी झडपेच्या दोन्ही बाजूंना पाण्याची उंची नोंदणारे सेन्सर बसवावेत. झडप कुठे गळते ते त्यावरून कळेल. कॉम्प्युटरच्या मुलांनी भरतीचे वेळापत्रक आणि पावसाचे आकडे जुळवून कोणत्या सेक्टरमध्ये कधी पाणी तुंबेल याचा अंदाज बांधावा. हे एका वर्षात होणारे नाही, चार-पाच बॅचना पुरेल. छत्तीस तासांच्या हॅकेथॉनमध्ये कल्पना सुचते. गाळ मोजायला मात्र पावसाळे जावे लागतात.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. महापालिका आणि सिडकोने दर जूनमध्ये आपल्या अडचणींची यादी आणि त्यामागचे आकडे कॉलेजांना द्यावेत, मोजणीची परवानगीही द्यावी. कॉलेजांनी प्रकल्प तिसऱ्या वर्षापासून सुरू करावा, गाईडच्या तासिकांत त्याला जागा द्यावी आणि मोजणीच्या नोंदी पुढच्या बॅचच्या हाती सोपवाव्यात. विद्यापीठाने जुने काम पुढे नेणाऱ्या गटाला नव्या विषयाइतकेच गुण द्यावेत. विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा राज्यात २००६पासून आहे. तिथेही अशा सलग कामाचा वेगळा सन्मान व्हावा.

प्लेसमेंटची चिंता खरी आहे. कर्ज काढून फी भरणाऱ्या घराला पॅकेजचा आकडा महत्त्वाचा वाटणारच. पण चुकीची नोंद ओळखणे, उपकरण बंद पडले तर चिखलात उतरून ते दुरुस्त करणे, आपला निष्कर्ष अधिकाऱ्यापुढे ठामपणे मांडणे हे ज्याने केले, तो मुलाखतीत अधिक भक्कम उभा राहतो. ही संधी आयआयटीत पोहोचलेल्या मूठभरांपुरती राहू नये. या जूनमध्ये एका महाविद्यालयाने एक तलाव दत्तक घ्यावा आणि महापालिकेने त्याच आठवड्यात त्याचे नकाशे द्यावेत. सुरुवातीला एवढे पुरे आहे.