मदतीआधीची व्यवस्था

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांताच्या ग्रामीण झुलू वस्त्यांमध्ये चर्च, परदेशी धर्मादाय संस्था आणि स्थानिक न्यास यांनी दारिद्र्यनिवारणाचे अनेक प्रकल्प राबवले असून त्यांचा अनुभव ग्रामविकासात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने अभ्यासावा असा आहे. जमीन, पाणी, जनावर आणि पैसा यांवर त्या समाजात कोणाचा हक्क चालतो, हे जाणून न घेता दिलेली मदत निधी आटताच संपते, हे तेथे वारंवार दिसून आले आहे.

तेथील दारिद्र्य धोरणांतून घडले आहे. १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी जनतेसाठी देशातील जेमतेम ७ टक्के जमीन राखीव ठेवली. त्यातच करांसाठी रोकड मिळवणे भाग पडल्याने पुरुष विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींकडे गेले आणि शेतीचा भार स्त्रिया व वृद्धांवर पडला. आज प्रांतातील सुमारे २८ लाख हेक्टर जमीन इंगोन्यामा ट्रस्टच्या, म्हणजे झुलू राजा ज्याचा विश्वस्त आहे अशा न्यासाच्या, नावे आहे. तिच्यावर कुटुंबाची वहिवाट असते आणि वाटपात इन्कोसी, म्हणजे पारंपरिक प्रमुख, व त्याचा प्रतिनिधी असलेला इंदुना यांचा शब्द चालतो. त्यामुळे स्त्रियांच्या गटाला बियाणे आणि कुंपण देणाऱ्या संस्थेने त्या तुकड्यावर पुढील हंगामातही त्याच स्त्रिया पेरणी करू शकतील, याची हमी आधी मिळवली पाहिजे.

पाण्याचा अनुभव अधिक कठोर आहे. मुलांच्या खेळाचे चक्र फिरले की भूजल टाकीत चढेल, अशा ‘प्लेपंप’ची पहिली उभारणी १९९४ मध्ये याच प्रांतातील म्सिंगा भागात झाली आणि त्याला २००० मध्ये जागतिक बँकेचे पारितोषिक आणि पुढे मोठा परदेशी निधी लाभला. मात्र ही योजना इतर देशांत पसरल्यावर साध्या पंपाच्या सुमारे चौपट खर्च, रखडणारी दुरुस्ती आणि मुले नसताना स्त्रियांनाच ढकलावे लागणारे ते जड चक्र, अशी तिची खरी बाजू उघड झाली. एम्पांगेनीजवळ पाण्यासाठी आगाऊ पैसे आकारणारे मीटर बसल्यावर गरीब कुटुंबे पुन्हा नदीचे पाणी भरू लागली आणि २००० मध्ये सुरू झालेल्या पटकीच्या साथीत प्रांतातील १ लाखाहून अधिक लोक आजारी पडले. नळ आहे, पण तो उघडण्याची ऐपत नाही, अशा घरी पाणी पोहोचले असे म्हणता येत नाही.

याउलट समाजात आधीच रुजलेल्या व्यवहाराला हात दिला की काम टिकण्याची शक्यता वाढते. ‘उकुसिसा’ या झुलू प्रथेत संपन्न घर आपली गाय गरजू घराकडे सांभाळायला देते. दूध व शेतीकामाचा उपयोग सांभाळणाऱ्याला मिळतो आणि कधी एखादे वासरूही त्याच्या वाट्याला येते. महाराष्ट्रात अर्धलीने शेळी देण्याचा रिवाज ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातील परस्परविश्वास सहज उमगेल. भिशीसारखी चालणारी ‘स्टॉकफेल’ ही बचतमंडळेही बहुतांशी स्त्रियांच्या शिस्तीवर उभी आहेत. १९४० मध्ये सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने याच प्रांतातील फोलेला येथे आरोग्यकेंद्र सुरू केले, तेव्हा कुपोषणावर औषधाबरोबरच घरोघरी भाजीपाल्याची लागवड आणि त्याच वस्तीतून तयार केलेले आरोग्यसेवक हा उपाय त्यांनी योजला. पैसा कोणाच्या हाती पडतो यालाही महत्त्व आहे: दक्षिण आफ्रिकेतील वृद्धवेतनावरील अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो यांच्या २००३ च्या अभ्यासात आजीला वेतन मिळणाऱ्या घरांतील नातींचे पोषण सुधारलेले आढळले, आजोबांच्या वेतनाचा तसा परिणाम दिसला नाही.

म्हणून निधीचा प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने जमिनीवर हक्क कोणाचा, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, जनावराची पिल्ले कोणाची आणि घरातील पैसा कोणाच्या हाती, या चार प्रश्नांची उत्तरे त्या वस्तीतील स्त्रियांकडून आधी घ्यावीत आणि ती मिळेपर्यंत खरेदीची यादी करू नये. देणगीदारांनीही या चौकशीसाठी लागणारा वेळ खर्चात धरावा, कारण घाईने दिलेल्या मदतीचा तोटा देणाऱ्याला नव्हे, तर तिच्यावर विसंबलेल्या कुटुंबांना सोसावा लागतो.