बोध मिळाला, सिनेमा गेला

शाळेत सिनेमा चालत नाही, असं कोण म्हणतं? झकास चालतो. गणिताचे सर रजेवर असले की चालतो, सहामाही संपली की चालतो. देशभक्तिपर चित्रपट लागला तर अख्खी शाळा रांगेने थिएटरात जाते आणि परतल्यावर ‘या चित्रपटातून मिळालेला बोध’ दहा ओळींत लिहिते. माझ्या पुतणीने त्यात कॅमेऱ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. बाईंनी लाल शाईने शेरा मारला: विषयांतर!

कवितेचं रसग्रहण दहावीला येतं. चित्रकलेला एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा आहेत. सिनेमा तेवढा करमणूक. तीही कुठे? जिथे फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, जिथल्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरव झाला, जिथे प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, त्या महाराष्ट्रात. फाळके आमच्या पोरांना ठाऊक असतात ते ‘जोड्या लावा’पुरते.

‘फँड्री’ हा सिनेमा घ्या. डुकरामागे धावताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि त्यातला शाळकरी जब्या ताठ उभा राहतो. पुढे मेलेलं डुक्कर काठीला टांगून नेताना मागे शाळेची भिंत दिसते. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. कुणी भाषण ठोकत नाही. दिग्दर्शक मंजुळेंनी हीच भिंत चौकटीत का घेतली, एवढं नववीच्या वर्गात विचारा. नागरिकशास्त्राचे चार धडे त्या एका प्रश्नात उरकतील. पण आपण काय विचारणार? ‘जब्याचे स्वभावविशेष लिहा.’

‘पोरं आधीच मोबाइलमध्ये डोकं खुपसून असतात, त्यात हा सिनेमाचा तास कशाला?’ अहो, म्हणूनच! मालिकेत सासूचा चेहरा तीनदा गडगडाटासह का फिरतो, बातम्यांखाली युद्धाचं संगीत कोण वाजवतं, हे त्यांना कोण सांगणार? आवाज बंद करून तीच बातमी पुन्हा दाखवा. भीती ढोलात होती की घटनेत, हे पोरं स्वतःच सांगतील. अशी पोरं मोठी होऊन सहज फसणार नाहीत. न फसणारी पोरं बऱ्याच जणांना परवडणारी नाहीत, हेही मी जाणतो.

तेव्हा शाळेत सिनेमाच्या रसग्रहणाचा विषय सुरू कराच. फक्त त्याला गुण देऊ नका. दिलेत, तर दिवाळीच्या आत ‘फँड्री’चा अपेक्षित प्रश्नसंच बाजारात येईल आणि सिनेमा न पाहताच पोरं पैकीच्या पैकी मिळवतील.