ओळखीचा वेग

भिवंडीच्या नारपोलीत यंत्रमाग बंद पडला की मालक यंत्राच्या कंपनीला पत्र लिहीत बसत नाही. जॉबर, म्हणजे माग जोडणारा-दुरुस्त करणारा कारागीर, तुटलेला भाग पिशवीत टाकतो, दोन गल्ल्या ओलांडून लेथवाल्याकडे जातो आणि ‘अस्साच, पण इथे सूतभर जाड’ एवढेच सांगतो. रात्रपाळीला माग पुन्हा खडखडू लागतो. कोणाचे वेल्डिंग टिकते, बेअरिंग उधारीवर कोण देतो, हे त्या जॉबरला तोंडपाठ असते. त्याला पगार मिळतो तो पान्हा फिरवण्याइतकाच या ओळखींचाही. तातडीची वैद्यकीय उपकरणे झटपट कशी घडतात, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या पिशवीत आहे.

मार्च २०२० आठवावा. देश कुलूपबंद झाला तेव्हा पुण्यातील ‘नोका रोबोटिक्स’ या छोट्या कंपनीतील तरुण अभियंते सौर पॅनेल पाण्याविना पुसणारे यंत्रमानव बनवत होते. निखिल कुरेले आणि हर्षित राठौर हे तिचे संस्थापक. कंपनी वाढत होती आयआयटी कानपूरच्या नवउद्यमी केंद्रात, म्हणजे ज्याला सगळे इन्क्युबेटर म्हणतात तिथे. (आपल्याकडे इन्क्युबेटर म्हटले की दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची काचेची पेटी आठवते. ते अगदीच चूक नाही.) श्वास चालवणारे यंत्र या मुलांनी कधी बनवले नव्हते. त्या केंद्राचे प्रा. अमिताभ बंदोपाध्याय आणि उद्योजक श्रीकांत शास्त्री यांनी त्यांच्याभोवती डॉक्टर, उत्पादनातील जाणकार, खरेदी सांभाळणारे, कायदा जाणणारे अशांचा गट बांधला. रोज दूरदृश्य बैठक. अडलेल्या प्रश्नावर त्याच दिवशी कोणाला तरी फोन. सुमारे ९० दिवसांत अतिदक्षता विभागात चालणारा व्हेंटिलेटर उभा राहिला. बंदोपाध्याय आणि शास्त्री यांनी पुढे २०२२ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले.

पुस्तकामुळे ही जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच, पण जिद्दी मुले आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना सहसा मिळत नाही तो फोन उचलणारा माणूस. व्हेंटिलेटर म्हणजे नुसता हवेचा पंप नव्हे. दर श्वासाला किती हवा जाते, छातीत दाब किती चढतो, श्वास सोडल्यावरही फुप्फुस मिटू नये म्हणून किती दाब राखायचा, हे सारे क्षणाक्षणाला मोजावे लागते. नळी निसटली तर यंत्राने आरडाओरडा करावा लागतो. आधी हे सगळे कृत्रिम फुप्फुसावर, म्हणजे रबरी पिशवीवर, तासन् तास चालवून बघायचे. मग विजेच्या सुरक्षिततेची चाचणी. मग गुणवत्तेची कागदपत्रे. शिवाय दोन-दोन हातमोजे घातलेल्या परिचारिकेला ते बटण फिरवता येते का, हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते. ते अतिदक्षता विभागात उभे राहूनच कळते. एकट्या नवउद्यमीने हे एकामागून एक करायचे म्हटले तर वर्षे जातात. इन्क्युबेटर ही कामे शेजारी शेजारी सुरू करून देतो. वेग येतो तो यातून.

‘ओळख’ हा शब्द आपल्याकडे वशिल्यामुळे बदनाम आहे. पण वशिल्याने चाचणी टळते आणि या ओळखीने चाचणी लवकर होते, एवढा फरक आहे. तो नजरेआड केला की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पीएम केअर्स निधीतून आलेल्या व्हेंटिलेटरबद्दल औरंगाबादच्या घाटी रुग्णालयाच्या तक्रारी मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेल्या. आलेल्या १५० पैकी वापरात घेतलेली शंभरावर यंत्रे सदोष असल्याचे रुग्णालयाचे म्हणणे. यंत्रात दोष नाही, जोडणी आणि हाताळणी नीट झाली नाही, हे केंद्राचे. न्यायालयाने केंद्राला खडसावले. वाद बाजूला ठेवला तरी खाटेशेजारी कोणीतरी कमी पडले, एवढे दोन्ही बाजूंच्या बोलण्यातून निघतेच. यंत्र खोक्यातून निघाल्यावर पहिले पंधरा दिवस त्याच्यासोबत कोण उभे राहणार? जॉबर माग जोडून दिल्यावर लगेच निघून जात नाही, दोन वार कापड निघालेले बघतो.

इन्क्युबेटरच्या या कामाची शहाणी उदाहरणे राज्यात आहेत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ चालते. आयआयटी मुंबईत राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र उभे राहिले. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटी त्याला जोडले गेले. त्याच परिसरातून आलेला ‘आयुसिंक’ हा स्टेथोस्कोपला जोडायचा छोटा भाग कोविडमध्ये कामी आला. छातीतला आवाज ब्लूटूथने डॉक्टरच्या कानापर्यंत पोहोचू लागला आणि नखशिखान्त पीपीई घातलेल्या डॉक्टरला रुग्णावर वाकण्याची गरज उरली नाही. असे सुमारे १००० संच एप्रिल २०२० पर्यंत रुग्णालयांत गेले होते. त्या घाईच्या आठवड्यांत हे शोधले गेले असते तर कदाचित जमले नसते. डॉक्टर आणि अभियंता एकाच टेबलाशी बसण्याची सवय आधीच्या वर्षांत लागली होती.

आता नारपोलीकडे परत येऊ. आयआयटी मुंबईच्या पवईहून कशेळीचा पूल ओलांडून इथे यायला तीसेक किलोमीटर पडतात, तरी ते टेबल इथवर आलेले नाही. इथल्या गोदामांतून मुंबईच्या घराघरांत माल जातो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, वाफेचे यंत्र, दंडाला बांधायचे रक्तदाब यंत्र असली खोकी भिवंडीत चढतात आणि उतरतात, जन्मत नाहीत. हाताचे कसब मात्र याच गल्ल्यांत आहे, आणि रुग्णही इथेच आहे. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज सर्रास ९० डेसिबलच्या वर असतो. कापसाच्या धुळीने छाती आवळते; जुन्या सुती गिरण्यांत सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी होणारा हा त्रास बिसिनोसिस नावाने डॉक्टरांना ठाऊक होता. कामगाराने एकदा जोरात फुंकावे आणि फुप्फुस किती उरले ते कळावे, असे धूळ खाऊनही न बिघडणारे, मुकादमालाही हाताळता येईल इतके सोपे यंत्र ही आमच्या मते तातडीची गरज आहे. साथीची तातडी दिल्लीला दिसते, खोकला दिसत नाही, म्हणून ही गरज वेगळ्या यादीत टाकायची का?

यासाठी चकाचक इमारतीची घोषणा नको. तशा इमारतींचे उद्घाटन-दगड राज्यात पुरेसे आहेत. भिवंडीतल्या राज्य सरकारच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात आठवड्यातली एक दुपार अभियंत्यांसाठी मोकळी ठेवावी आणि कोणत्या यंत्राने रोज छळ होतो हे डॉक्टरांनी, परिचारिकांनी त्यांना दाखवावे. बेटिकने नारपोलीतला एक गाळा भाड्याने घेऊन तिथे चाचणीची चार उपकरणे आणि पगारावर एक जॉबर ठेवावा. पगाराचा आग्रह मुद्दाम धरतो, कारण असली कामे मानधनावर ढकलली की तिसऱ्या महिन्यात कुलूप लागते. आणि चाचणीत उतरलेली पहिली पन्नास यंत्रे विकत घेण्याची लेखी हमी सार्वजनिक आरोग्य विभागाने द्यावी. मोठ्या पुरवठ्याचा अनुभव नाही म्हणून निविदेतून बाद होणारा नवउद्यमी हाच बहुतेकदा या सगळ्या खटाटोपाचा शेवट असतो. ती अट अशा यंत्रांपुरती सैल करणे मंत्रालयाच्या हातात आहे.

गाळे मिळतील. माग भंगारात निघाल्याने रिकाम्या झालेल्या शेड हल्ली दर गल्लीत दिसतात. यंत्र तपासायला पहिला माणूसही शोधावा लागणार नाही. रात्रपाळी सुटली की अंजूरफाट्याच्या टपरीवर, केसांत कापसाचे तंतू घेऊन, चहाचा ग्लास हातात धरून तो खोकत उभा असतो.