साखरदाणी आणि वीटभट्टी

जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा संग्रह हा सात्त्विक छंद समजला जातो. त्यातही इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी घडवलेले एखादे भांडे कपाटात असले, तर त्या पुण्यात आपलाही वाटा आहे असे संग्राहकास वाटू लागते. माझा आक्षेप आहे तो या समाधानाला.

जोसाया वेजवुड या कुंभाराने १७८७ साली बेड्यांत जखडलेल्या, गुडघे टेकून हात जोडणाऱ्या आफ्रिकी माणसाचे पदक घडवले. स्त्रियांनी ते कंकणांत आणि केसांच्या आकड्यांत मिरवले. पुढे १८२०च्या दशकात साखरदाण्या आल्या. सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजऐवजी ईस्ट इंडियाची साखर वापरली तर एक गुलाम कमी लागेल, असा हिशोबच त्यांवर लिहिलेला असे. पाहुण्याने साखर घेताना तो वाचावा आणि थोडे अवघडावे, यासाठी ते भांडे चहाच्या मेजावर होते. काचेआड ते कोणाला अवघडवणार?

आणि तो हिशोब तरी कितपत खरा? ज्या देशाची साखर निष्कलंक म्हणून खपवली, त्या आपल्या देशात कंपनी सरकारला गुलामी मान्य होती. ती मान्यता १८४३च्या कायद्याने गेली. ब्रिटिश संसदेने १८३३ साली मुक्तीचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली ती मालकांना! आपणही हात झटकू नयेत. गोव्यात माणसांचा बाजार भरत असे, धर्ममठांतही गुलाम राबत. पोप ग्रेगरी सोळावे यांनी या व्यापाराचा निषेध केला तो १८३९ साली.

आता वांगणीकडे येऊ. दिवाळी सरली की या पट्ट्यात वीटभट्ट्या लागतात. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना घेतलेली उचल फेडण्यासाठी कातकरी कुटुंबे पोराबाळांसह भट्टीवर येतात. हंगामाअखेर हिशोब होतो, आणि पुष्कळदा देणे उरतेच. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली. तरीही १९८०च्या दशकात ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवावे लागले.

कोणी म्हणेल, साखरदाणीवर निदान अक्षरे होती, विटेवर काय वाचायचे? विटेवरही अक्षरे असतात. ती भट्टीमालकाच्या नावाची. ती थापणाऱ्या बाईचे नाव कोठेच नसते.

धर्मग्रामात सभागृह बांधायला काढले की आपण तीन ठिकाणची दरपत्रके मागवतो. यापुढे भट्टीमालकाची उचलीची वहीही मागवावी, आणि बांधकाम समितीतील दोघांनी भट्टीवर जाऊन ती थापणाऱ्यांसमोर मोठ्याने वाचावी. वही दाखवण्यास जो नकार देईल, त्याची वीट, स्वस्त असली तरी, घेऊ नये.