मेहकर पाहावे ते पायी

पर्यटन म्हटले की राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे कोकणचा समुद्रकिनारा उभा राहतो. पण काठ काय केवळ समुद्रालाच असतो? बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे पैनगंगेच्या काठचे गाव. तेथे रेल्वे नाही, पर्यटनाच्या जाहिरातींत त्याचे नाव क्वचितच दिसते. जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावरील प्रवाशाला ते चहापुरते ठाऊक. वास्तविक दोन पायांवर आणि दोन चाकांवर फिरावे असे हे गाव आहे.

अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकार’चे हे मुख्य ठाणे. येथील मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते की गावाला तटबंदी घालण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, असे जुने गॅझेटिअर सांगते. मोमीनांच्या वेशीवरील लेखाचे साल ते १४८८ असे देते. तट राजाने बांधल्याच्या कथा पुष्कळ. हातमागावरच्या श्रमाने गावाला तट दिल्याची कथा विरळा. पुढे पेंढाऱ्यांच्या लुटीने आणि १८०३ च्या दुष्काळाने गाव मोडले. ही कथा मोटारीच्या काचेतून दिसत नाही. ती पाहण्यासाठी गल्लीत शिरावे लागते.

त्याच पायवाटेवर शारंगधर बालाजीचे मंदिर आहे. सुमारे ११ फूट उंचीची ती पाषाणमूर्ती १८८८ साली सापडली. याच गावात वकिली करीत ना. घ. देशपांडे यांनी आयुष्यभर कविता लिहिली. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर पोचली, आणि ‘खूणगाठी’ला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. कंचनीच्या महालावरही त्यांनी कविता लिहिली. लोणारच्या देवीच्या देवळातील दिवा दिसावा म्हणून कंचनी नर्तकीने हा महाल उंच बांधला, अशी लोककथा आहे.

ते लोणार सुलतानपूरमार्गे सुमारे २५ किलोमीटरवर. उल्काघाताने बसाल्ट खडकात झालेले हे विवर २०२० साली रामसर यादीत आले. सकाळी मेहकरहून सायकलीने निघालेला तरुण विवर पाहून, दैत्यसूदनाचे देऊळ पाहून दिवस मावळण्यापूर्वी परत येऊ शकतो. त्याला अडसर अंतराचा नाही. सायकलस्वाराला जीव मुठीत न धरता जाता येईल अशी वेगळी पट्टी रस्त्याला नाही, हा खरा अडसर आहे.

आता मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण झाला. ७०१ किलोमीटर लांबी, ५५ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च, ताशी १२० किलोमीटर वेग. सायकललाच काय, मोटारसायकललाही तेथे मज्जाव आहे. वेगाच्या रस्त्यावर हा नियम योग्यच. आणि शेतमाल व रुग्ण लवकर पोचतात हा लाभही नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हिशेबाचा. अशा रस्त्याचे समर्थन वाचलेल्या वेळेच्या मोलावर केले जाते. ज्याची मिळकत अधिक, त्याच्या तासाचे मोल अधिक! पायी जाणाऱ्या मजुराचा तास या वहीत जवळजवळ शून्यच ठरतो. २०११ च्या जनगणनेत मात्र शेती व घरगुती उद्योगांबाहेरील कामकऱ्यांपैकी एक पंचमांशाहून अधिक लोक कामावर पायी जाणारे, आणि सुमारे एक अष्टमांश सायकलीने जाणारे होते. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. सायकल दिली, सायकलीची वाट कोणी द्यायची?

मागणी मोठी नाही. गावात चालण्याजोगे पदपथ, पैनगंगेचा स्वच्छ काठ, वेशीपाशी इतिहास सांगणारा एक फलक, लोणारपर्यंत सायकलपट्टी, आणि सायकली भाड्याने देणारी स्थानिक तरुणांची सहकारी संस्था. महामार्गाच्या तुलनेत हा खर्च नगण्य ठरेल. त्याचा लाभ पाहुण्याला वर्षातून एकदा होईल. शाळेत जाणाऱ्या मुलीला आणि कामावर जाणाऱ्या मजुराला रोज होईल. जे गाव आपल्या माणसांना सुखाने चालू देते, तेच पाहुण्यालाही पाहावेसे वाटते. नियोजनाने आधी या पावलांचा हिशेब मांडावा.