तोंडाला हार्मोनची ट्यूब नको

बायांनो, पाळी जाते तशी तोंडाची कातडी कोरडी पडते, पातळ होते, सुरकुत्या एकदम दिसू लागतात. पाळी थांबल्यावर पहिल्या पाचेक वर्षांत कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, जवळपास ३० टक्क्यांनी घटतं. इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाल्यामुळे हे होतं. यात तुमची हयगय काही नाही.

मग खालच्या जागेच्या कोरडेपणासाठी डॉक्टरांनी दिलेली इस्ट्रोजेनची ट्यूब एखादी गालालाही चोळते. विचार वेडगळ नाही, पण उपयोग? २००८ साली अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्राडिओल नावाचं इस्ट्रोजेन लावून पाहिलं. कपड्याआड राहिलेल्या नितंबाच्या कातडीत कोलॅजन तयार होऊ लागलं; उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर काहीच नाही. चांदवडच्या रानात कांदा लावण्या-काढण्यात उमर गेलेल्या बाईचा चेहरा याच दुसऱ्या जातीचा.

उलट इस्ट्रोजेनने वांग वाढू शकतो. चेहऱ्यावरून औषध रक्तातही उतरतं. रोज, मनाला येईल तेवढं लावलं तर गर्भपिशवीचं अस्तर जाड होण्याचा धोका असतो. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी तर या वाटेला जाऊच नये. आणि नातवंडं? हातावर इस्ट्रोजेनचा फवारा मारणाऱ्या बायकांच्या अंगाला लागून लहान मुलांची छाती वाढल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याला इशारा द्यावा लागला. आजीचा गाल तर नातवाचाच असतो.

पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा रक्त दिसलं, तर लाज बाजूला ठेवून उपजिल्हा रुग्णालय गाठा. ट्यूब लावत असाल तर तेही सांगा.

मेडिकलमधून ‘वांगाची’ म्हणून मिळणारी ट्यूब वेगळी, आणि माझ्या मते जास्त घातक. तिच्यात बहुधा बीटामेथासोन किंवा मोमेटासोनसारखं स्टिरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, मग लाल होतो, पुटकुळ्या येतात, लव वाढते. थांबवली की आग होते. अशा १४ स्टिरॉइड मलमांना २०१८ पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी न बघता मागताच दिली, तर दुकानदारावर खूश होऊ नका. बरेच दिवस लावली असेल तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवून मगच सोडा.

चेहऱ्याला सौम्य साबण, ओलसर असतानाच व्हॅसलीन, रानात जाताना सनस्क्रीन आणि कपाळ झाकेल असा स्कार्फ. खर्च थोडा, फरक सावकाश.

खालच्या जागेसाठी दिलेलं क्रीम मात्र हे वाचून बंद करू नका. सांगितलंय तिथेच, सांगितलंय तेवढंच लावा.