जंगल या शब्दाचा अर्थ

'जंगल' हा शब्द उच्चारला की आज मराठी माणसाच्या मनात घनदाट झाडी, ओल, वेली, धबधबे आणि दिवसाही पोहोचत नाही असा सूर्यप्रकाश उभा राहतो. गंमत अशी की या शब्दाचा मूळ अर्थ जवळजवळ याच्या उलट आहे. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा, कमी पाण्याचा प्रदेश. आयुर्वेदाने भूमीचे प्रकार सांगताना पाणथळ 'आनूप' देशासमोर हा 'जांगल' देश ठेवला आणि आरोग्याच्या दृष्टीने तोच बरा मानला. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल देशातल्या वृक्षांची नावे येतात: खदिर, धव, तिनिश, शल्लकी, तिंदुक, बदरी, आमलकी. मराठीत आणली तर ती खैर, धावडा, तिवस, सालई, टेंभुर्णी, बोर, आवळा अशी होतात. यावल किंवा चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात शिरणाऱ्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. म्हणजे शब्दाच्या जुन्या अर्थाने पाहिले तर खरे जंगल खानदेशातच आहे.

शब्दांचे अर्थ बदलत असतात आणि त्याबद्दल कोणी गळा काढण्याचे कारण नाही. परंतु या विशिष्ट अर्थांतराची किंमत एका जिवंत अरण्याला मोजावी लागत आहे, असे आमचे मत आहे. जे हिरवे आणि दाट ते जंगल, असे एकदा ठरले की जे वर्षातले तीन-चार महिने निष्पर्ण उभे असते ते आपोआप 'उजाड', 'ओसाड', 'वैराण' ठरते. आणि ओसाड ठरलेल्या जागेचे काहीही केले तरी कोणाला हळहळ वाटत नाही.

जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, मध्यप्रदेशच्या सीमेला लागून, यावल अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे 177 चौरस किलोमीटर. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा होण्याच्या आधीच, 1969 मध्ये, ते घोषित झाले. त्याच्या पश्चिमेला, धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, अनेर धरणाभोवती 1986 मध्ये आणखी एक लहान अभयारण्य झाले. दोन्हींचे वन एकाच जातीचे, उष्ण कटिबंधातले शुष्क पानगळीचे. येथे साग आहे, अंजन आहे, सालई, धावडा, मोई, पळस, मोह, चारोळी आहे. पाल, जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा अशी गावे व पाडे आहेत. पावरा, बारेला, तडवी माणसे आहेत.

या वनाचे वर्षाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. पाऊस चार महिन्यांचा, उरलेले आठ महिने शिल्लक ओलीवर काढायचे. पानांवाटे पाणी सतत उडत असते. म्हणून हिवाळा सरताना झाड पानेच टाकून देते आणि व्यवहार बंद करते. हा मृत्यू नसून काटकसर आहे. त्याच निष्पर्ण अवस्थेत शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो, पुढे मोह फुले ढाळतो, अंजनाला तांबूस पालवी येते, चारोळी पिकते. गळलेल्या पानांचा थर जमिनीवर पडून राहतो आणि पहिल्या पावसाचा मारा स्वतःवर घेतो. एप्रिलमधले हे रान वरवर मेलेले दिसते, पण त्याच्या वार्षिक व्यवहारातला तो अत्यंत गजबजलेला काळ असतो. तो काळ नीट न पाहता त्याला 'ऱ्हास पावलेले वन' म्हणणे हे पौषातल्या शेतकऱ्याला आषाढातल्या पिकाबद्दल जाब विचारण्यासारखे आहे.

हे न पाहण्यात आमच्या साहित्याचाही वाटा आहे. मराठी निसर्गकवितेचा मानदंड ठरलेले बालकवी धरणगावचे, म्हणजे याच मातीतले. 1918 च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, भादली स्थानकाजवळ त्यांचा मृत्यू झाला. पण 'फुलराणी'पासून 'श्रावणमासा'पर्यंत त्यांनी मराठी मनाला दिलेला निसर्ग हा ओला, हिरवा, कोवळा निसर्ग आहे. कवीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. कवी आपला ऋतू निवडतो. दोष असलाच तर आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांच्या परंपरेचा आहे, जिने त्या एका ऋतूलाच निसर्ग मानले. विदर्भाच्या रानांना मारुती चितमपल्लींसारखा लेखक मिळाला आणि नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही नावे मराठी वाचकाच्या घरातली झाली. यावलच्या वाट्याला असा लेखक आला नाही. चोपडा, यावल, शिरपूरहून आलेले विद्यार्थी निसर्गावर निबंध लिहितात तेव्हा त्यात कोकणातल्या नारळी-पोफळी डुलतात, ज्या त्यांच्यापैकी अनेकांनी पाहिलेल्याही नसतात. घराच्या ओट्यावरून दिसणारा सातपुडा त्या निबंधात येत नाही.

न पाहण्याची ही सवय किती दूरवर जाते, याचे उदाहरण पक्षिशास्त्राच्या इतिहासात आहे. रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 मध्ये शास्त्रीय जगापुढे मांडला. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत भाग घेणारे ते हेच ह्यूम. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने येथे तो मिळवला. 1882 मध्ये त्याने पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची यादीही 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली. 1884 नंतर मात्र पक्षी नाहीसा झाला. साऱ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनीही शोध घेतला. हाती काही लागले नाही.

शोध भरकटण्याचे एक कारण चमत्कारिक होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेत मांडवीला हा पक्षी मिळाल्याची नोंद केली होती. ती बनावट होती. डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून चोरून, त्याची मांडणी बदलून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी ओळखली, खोटी नोंद बाजूला केली आणि जुन्या अस्सल नमुन्यांच्या ठिकाणांकडे मोर्चा वळवला. नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या सहकाऱ्यांसह त्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. तेथे सकाळच्या लख्ख उन्हात, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. 113 वर्षांनंतर!

हा पक्षी दिवसा वावरतो, विरळ रानात सरडे, उंदीर, कीटक धरतो, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. लपणे त्याच्या स्वभावातच नाही. पुढे तो तळोदा, तोरणमाळ, मेळघाट आणि यावल अभयारण्यातही आढळला. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याची श्रेणी 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' अशी किंचित सुधारली. रानात राहणाऱ्या पावरा-भिल्लांच्या डोळ्यांसमोर तो या सगळ्या काळात बसून असणार. एका परक्याच्या खोट्या चिठ्ठीवर विद्वानांचा विश्वास होता. रानातल्या माणसांचे ज्ञान लिहून घ्यावे असे मात्र फारसे कोणाला वाटले नाही.

आता प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे, की एका पिंगळ्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर डोंगरात नसून खाली मैदानात, केळीच्या बागांत आहे. रावेर-यावलची केळी देशभर जाते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ही केळी भूजलावर उभी आहे. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोटे आणि जाड वाळूचा पट्टा आहे. डोंगरातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर यांसारख्या नद्यांचे पाणी तेथे जमिनीत मुरते आणि पुढे मैदानाच्या विहिरींना मिळते. आम्ही बागाईतदार भराभर खोल जात राहिलो, पातळी खाली जात राहिली. आता याच पट्ट्यात तापीचे पाणी मुरवण्याच्या हजारो कोटींच्या महापुनर्भरण योजनेसाठी 2025 मध्ये महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांच्यात करार झाला आहे. योजना व्हावी. पण जे काम हजारो कोटींत करायचे त्याचा एक हिस्सा डोंगरावरचे रान कोणताही करार न करता करत आले आहे. झाडे गेली की उतारावरची माती वाहते, तीच गाळ होऊन पाणी मुरण्याच्या जागा बुजवते आणि पाणी थांबण्याऐवजी पुरात निघून जाते.

आणि झाडे जात आहेत. अभयारण्यात वृक्षतोड करून शेते पाडली गेल्याच्या, ती हटवताना संघर्ष झाल्याच्या बातम्या गेली अनेक वर्षे येत आहेत. या वादात मैदानातला सुशिक्षित माणूस दोनच भूमिका घेतो. एक म्हणते, आदिवासी रान संपवतात, त्यांना हाकला. दुसरी म्हणते, वनखाते जुलमी आहे, पिंगळ्यापेक्षा माणूस मोठा. दोन्हींत एक सोय आहे: स्वतःकडे काही येत नाही. डोंगरातल्या सागाची दारे आणि पलंग कोणाच्या घरात असतात, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना अडचणीचा वाटतो.

वनहक्क कायदा 2006 चा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींचे हक्क त्याने मान्य केले. इंग्रजी आमदानीपासून झालेल्या अन्यायाचे ते उशिरा झालेले परिमार्जन आहे आणि खरे दावे विनाविलंब निकाली निघालेच पाहिजेत. पण त्याच कायद्याने ग्रामसभेला वन आणि वन्यजीव राखण्याचा अधिकार व जबाबदारीही दिली आहे, हे भाषणांत क्वचित सांगितले जाते. जुना हक्क देणे आणि नवी तोड थांबवणे यांत विरोध नाही. उलट हक्क लोंबकळत ठेवले की नव्या तोडीलाच आडोसा मिळतो.

हे स्वप्नरंजन नाही. धुळे जिल्ह्यातच, साक्री तालुक्यात, बारीपाडा आहे. तो भाग सातपुड्याचा नसून सह्याद्रीच्या फाट्यांचा. पाऊसमानही थोडे निराळे. पण उजाड झालेले सुमारे 445 हेक्टर रान तेथील आदिवासी गावाने 1990 च्या दशकापासून स्वतः नियम करून, राखण करून, तोडणाऱ्याला दंड करून परत आणले. त्या कामाचे प्रमुख चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. पानगळीच्या रानाचा गुणच असा की मुळे जिवंत असली तर सागाच्या खुंटालाही धुमारे फुटतात. त्याला रोपवाटिकेतल्या निलगिरीची वा सुबाभळीची गरज नसते. कुऱ्हाड, वणवा आणि मोकाट चराई यांपासून काही वर्षे मोकळीक लागते. ढोली असलेली जुनी झाडे तेवढी राखायला हवीत, कारण शंभर वर्षांची ढोल कोणत्याही वृक्षारोपण सप्ताहात लावता येत नाही.

म्हणून आमची मागणी मैदानातल्या माणसांकडे आहे. केळीच्या उत्पन्नातला लहानसा वाटा वरच्या ग्रामसभांकडे राखणीचा मोबदला म्हणून जावा; बाजार समित्या आणि सहकारी संस्थांनी मनावर घेतले तर हे अशक्य नाही. महाविद्यालयांनी हिरवळीच्या निबंधाऐवजी पावरी, बारेली, अहिराणीतली झाडांची आणि पाखरांची नावे विद्यार्थ्यांकडून गोळा करावीत. ही नावे घरून घेऊन येणारे विद्यार्थी आमच्याच वर्गांत बसलेले असतात. आणि वाहरू सोनवणे यांच्यासारख्या कवीने आपल्या लोकांचे दुःख त्यांना स्वतः सांगू द्या असे बजावले, ते ध्यानात ठेवून या कामात आम्ही लिहून घेणारे असावे, बोलणारे त्यांनी असावे.

येत्या चैत्रात सातपुड्याकडे पाहताना काळ्याकरड्या उघड्या फांद्या दिसतील. त्यांना ओसाड म्हणण्यापूर्वी आपल्या भाषेतला जुना शब्द आठवावा. ते जंगल आहे, आणि आपल्या विहिरीचे पाणी तेथूनच येते.